विहीणबाईंच्या भाकरीवर पाळत

८ जानेवारी
ही रोजनिशी मीच बोलणार आणि मीच ऐकणार. म्हणून आधीच सांगते, कस्तुराबाई, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी तू. काल काय ठरवलं ते आज कुटं आठवतंय तुला? आमच्या बचत गटाच्या साइटवर एक वही असते. तिच्यात मी बोलते, फोन लिहितो, मग तोच मला वाचून दाखवतो. अक्षराशी माझं कधी जमलं न्हाई, पण त्यावाचून अडलंबी न्हाई.

बातमी. नात समीक्षा पुण्यात ऑनलाइन शाळांच्या साइट बांधते. तिनं कुरवंड्याच्या आजीचा, म्हंजे माझ्या विहीणबाई येसूबाईंचा पाठ त्यांच्या गावच्या साइटवर टाकला. तांदळाची भाकरी. तीनशे बारा जण शिकतायत.
मला राग आला न्हाई. दुपारी जेवले न्हाई ते भूक नव्हती म्हणून.

९ जानेवारी
समीक्षाला फोन. विचारलं, आपल्या पवनानगरात तांदूळ पिकत न्हाई का गं? हसली. म्हणाली, आजी, तुझाबी पाठ तुमच्या गटाच्या साइटवर टाकू. फेब्रुवारीत लोणावळ्याच्या एका कॉलेजात कार्यक्रम आहे, एका आजीला स्टेजवर भाकरी करायला बोलवायचंय. कुठली, ते ठरलं न्हाई म्हणे.
ठरलं न्हाई म्हंजे मीच.
निश्चय: येसूबाईंचं तोंडबी बघायचं न्हाई.

१० जानेवारी
येसूबाईंचा पाठ बघितला. फक्त चुका काढायला. त्यांच्या साइटवर नाव घालावं लागतं, ते बोलून घातलं. सूनबाई रेणुका त्यांचीच लेक, तिला पत्ता लागू दिला न्हाई. कुरवंड्यातलं कुरवंड्यात राहील.
चुका दोन. बांगड्या लय वाजवतात. उकड दहा मिनिटं झाकून ठेवतात, हा शुद्ध आळस.

१९ जानेवारी, दुपार
बाराव्यांदा बघितला. शेवटी प्रश्न येतात, बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. सगळी बरोबर आली. सोपीच व्हती.
सहज म्हणून उकड दहा मिनिटं झाकून बघितली. भाकरी टम्म फुगली, कड फाटली न्हाई. मारुती म्हणाला, आई, आज अगदी माझ्या सासूबाईंसारखी झालीय. म्हटलं, पिठाचा गुण. लेक पन्नाशीचा झाला तरी कुटं काय बोलावं कळत न्हाई. त्याला दुसरी वाढली न्हाई.

२ फेब्रुवारी
माझा पाठ झाला. फोन रेणुकानं धरला. बांगड्या काढून ठेवल्या. उकड झाकली, ती माझी जुनीच पद्धत. रेणुका मधीच म्हणाली, आत्या, हे तर माझ्या आईचं. म्हटलं, फोन सरळ धर.

एकच अडचण. समीक्षा म्हणते, कुरवंड्याची साइट एका घडणीची, आमची दुसऱ्या. इकडचं तिकडं उघडत न्हाई. ती मधी एक जोडणी बसवणार, तिला प्लगइन म्हणतात. फुकटातली, कुणीबी उघडून बघावी, सुधारावी. सगळ्या शाळांनी एकच माप धरलं की कुणाचंबी झाकण कुणाच्याबी डब्याला बसतं. मला लगेच पटलं. म्हटलं, बसव लवकर, माझा पाठ येसूबाईंना दिसू दे.

१४ फेब्रुवारी
जोडणी बसली. आणि लगेच माझ्या फोनवर सर्टिफिकेट! सोनेरी कड, लाल फीत. चित्रातली अक्षरं फोन वाचत न्हाई, पण सोनेरी कड कुणाला देतात ते कळायला शाळा लागत न्हाई. उत्तम मास्तरीण, दुसरं काय.
जीपवाल्या विक्कीकडनं मोठं छापून आणलं, टीव्हीच्या वर लावलं. शेजारच्या अंबूबाई, शकुबाईला बोलावून चहा पाजला. रेणुकानं ते वाचलं आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. जळते बिचारी. आईची बाजू घेणारच.

१६ फेब्रुवारी
पोस्टातून रिटायर झालेले हनुमंतभाऊ आले. चहा घेता घेता सर्टिफिकेट मोठ्यानं वाचलं, अंबूबाईसमोर. येसूबाई यांच्या भाकरीच्या पाठात प्रथम आलेली विद्यार्थिनी, कस्तुराबाई. पाठ एक्केचाळीस वेळा पाहिला. सर्व उत्तरे बरोबर.
अंबूबाई म्हणाली, अगंबाई.
समीक्षाला फोन. म्हणाली, आजी, जोडणी बसली की नुसता पाठ जात न्हाई. कोण काय शिकलं, किती वेळा बघितलं, तेबी इकडनं तिकडं येतं. म्हटलं, हे आधी सांगायचं व्हतं. म्हणाली, तूच म्हणालीस, बसव लवकर.
एक्केचाळीस खोटं आहे. शेवटचे दोन चुकून दाबले गेले.
माझ्या पाठाला विद्यार्थिनी एक. येसूबाई. त्याबी उकड झाकेपर्यंत बसल्या आणि उठून गेल्या.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
लोणावळ्याहून आले. शेवटी समीक्षानं स्टेजवर दोघींनाबी उभं केलं. भाकरी त्यांनी थापली, पीठ मी मळलं, विद्यार्थिनी म्हणून. येसूबाई माईकवर म्हणाल्या, आमच्या विहीणबाई लय हुशार, एकदा सांगितलं की घेतात. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा माझं कौतुक केलं, तेबी मास्तरीण होऊन. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाकरी बरी लागली. गरम व्हती ना.

येताना समीक्षा सांगते, आजी, तुझी ती बोलायची वहीबी जोडणीवरनं येते माझ्याकडं, पहिल्या पानापासनं. बरं. मग ऐक गं भवाने. चुका अजून पुऱ्या काढून झाल्या न्हाईत. येसूबाईंच्या हातच्या चार भाकऱ्या पाठव, फडक्यात बांधून. डब्यात घाम धरतात. आणि संगं लसणाचा ठेचा, जरा जास्ती.