धुराड्याभोवतीचा पत्रा

३ ऑगस्ट, सकाळी ७
रिटायर होऊन चार महिने झाले. आज अखेर घराला माझी गरज पडली. सासऱ्यांच्या खोलीत, बरोबर उशीवर, छतातून थेंब पडला. सासरे म्हणाले, जावईबापू, घराला घाम फुटलाय. हसलो नाही. विषय गंभीर आहे. बायको म्हणाली, मिस्त्रींना फोन करते. म्हटलं, घरात पुरुषमाणूस असताना मिस्त्री कशाला? ती काहीतरी बोलणार होती, पण गप्प बसली. पटलं असावं.

त्याच दिवशी, दुपारी ४
तीन व्हिडिओ पाहिले. धुराडं कौलांतून वर येतं तिथल्या फटीवर पत्र्याची पट्टी असते. तिला फ्लॅशिंग म्हणतात. गळती तिथूनच होते. आता या विषयात मला कोणी शिकवायला नको.

५ ऑगस्ट
ऊन पडलं. चढलो. पट्टीची वरची कड उचललेली वाटली. ठोकून बसवली. ठोकताना एक कौल फुटलं. जुनंच होतं. मग फटी बुजवायच्या सीलंटची अख्खी ट्यूब चहूबाजूंनी फासली. व्हिडिओतला माणूस सांगत होता, खालची कड मोकळी सोडा, पाण्याला बाहेर पडायला वाट लागते. हे काही पटलं नाही. पाणी अडवायचं, की त्याच्यासाठी दार उघडं ठेवायचं? सगळं बंद केलं.

७ ऑगस्ट
सकाळभर पाऊस. उशी कोरडी! थेंब आता सासऱ्यांच्या पायाशी पडतो. शिवाय पॅसेजमध्ये. पाण्याने जागा बदलली, म्हणजे ते बिचकलंय. बायकोने दोन बादल्या ठेवल्या. तिचा मुळात विश्वासच कमी.

१० ऑगस्ट
दुसरी ट्यूब. आणखी तीन कौलं गेली (क्वालिटी). उतरायला वळलो तर शिडी सरकून खाली पडलेली. धुराड्याला धरून पाऊण तास बसलो. हाक मारली नाही. निरीक्षण चालू होतं. शेवटी सासरे अंगणात आले, वर पाहिलं आणि विचारलं, चहा वरच पाठवू का? मग आत जाऊन त्यांनी बायकोला शिडी लावायला सांगितलं. शिडी लावून ती बादल्या रिकाम्या करायला निघून गेली. फार लागलं ते.

१२ ऑगस्ट
सासऱ्यांच्या खोलीतल्या छताचा ओला तुकडा धाडकन पलंगावर पडला. ते नेमके बाथरूममध्ये होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. मी पलंगाकडे नुसता बघत राहिलो. बायकोने हॉलमध्ये गादी घातली. सासरे म्हणाले, बरं झालं, इथून टीव्ही दिसतो. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.
बायकोला म्हटलं, बोलव मिस्त्रींना. फक्त सेकंड ओपिनियन म्हणून.

१३ ऑगस्ट
मिस्त्री आले. वाट न विचारता घरामागे गेले, शिडी घेतली, चढले. माझं सीलंट खरवडलं, पट्टीमागे अडकलेली मूठभर पानं काढली, खालची कड मोकळी केली, कौलं बदलली. चाळीस मिनिटं. वरूनच त्यांनी बायकोला विचारलं, ताई, हे फासायचं काम कुठल्या गाढवाने केलं? ती म्हणाली, आला होता एक जण.
मग माझ्याकडे पाहून म्हणाले, हे पाहुणे का?
कळलं ते असं. मिस्त्री अकरा वर्षं दर पावसाळ्याआधी येतात. पानं काढतात, पट्टी तपासतात. मी ऑफिसात असायचो.
आत जाऊन बायकोला विचारलं, मग यंदा का नाही बोलावलंस? ती म्हणाली, अहो, यंदा तुम्ही घरी होतात. इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगत आलात, माझ्या घराचं छप्पर कधी गळत नाही. मला वाटलं, मिस्त्रींचं कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल.
मिस्त्रींसाठी मी स्वतः चहा केला, नेऊन दिला. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, मला बिनसाखरेचा लागतो. ताईंना माहीत आहे.