पोपटीची काळी जागा

प्रिय समी,

परवा फोनवर तू विचारलंस, बाग कशी वाटली. मी 'बरी आहे' म्हणाले आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध वगैरे काही नव्हतं. फोनवर तू मध्येच 'आई, ऐक ना' सुरू करतेस आणि माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. कागद निदान मला मध्ये तोडणार नाही.

तर तू आखलेली बाग. तळ्याकाठचा आपला माळ आता ओळखू येत नाही. फाटकातून शिरलं की समोर भला मोठा लाल बदाम आणि त्याच्या बाजूला इंग्रजीत आपल्या गावाचं नाव. अजून उद्घाटन व्हायचंय, तरी दर रविवारी पळसदरीच्या धरणावरून परतणाऱ्या गाड्या इथे थांबतात. माणसं बदामाला टेकून फोटो काढतात आणि रिकाम्या बाटल्या तळ्यात भिरकावून निघून जातात. पलीकडे फायबरची हरणं, त्यातल्या एकाचं शिंग आठवडाभरात मोडलं. बायकांच्या संडासाला कुलूप, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाच्या टपरीवर. आणि तो कठडा! सिमेंटचा, पण लाकडाच्या ओंडक्यांसारखा रंगवलेला, वर खोट्या गाठीसुद्धा काढल्यात. मागे ठाकुरवाडीपर्यंत अख्खा डोंगर खऱ्या झाडांनी भरलाय आणि त्याच्यासमोर आपण सिमेंटची लाकडं मांडून बसलोय. मला ते बघून शिसारी येते, समी. याहून सौम्य शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही.

घरचं सगळं ठीक. भाताची झोडणी कधीच उरकली. वाल यंदा झकास आलाय, शेंगा टच्च भरल्यात. म्हणून गेल्या आठवड्यात पोपटी लावायचं ठरवलं, माळावर जाळ करून मडक्यात शेंगा भाजायच्या. अमिरुन मावशी, जिच्या कडेवर तू निम्मं बालपण काढलंस, तिने मडक्यात शेंगांभोवती भरायला भांबुर्डीचा पाला आणला. मी मडकं काढलं, शेंगांना मीठ-ओवा चोळला आणि संध्याकाळी आम्ही चारपाच जणी दरवर्षीसारख्या माळावर निघालो. फाटकावर कमलेश उभा. हो, आपल्या गौराबाईचाच, तोच आता वॉचमन आहे. पोरगं बिचारं खाली मान घालून म्हणालं, "काकी, आत विस्तव पेटवायचा नाय नि बाहेरचं खाणं पण न्यायचं नाय. पाटी वाचा ना. तुमच्या समीनंच लावलीय ती."

सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं. अमिरुननेच माझी बाजू सावरली. म्हणाली, "बघंल गं समी. आपलीच पोर हाय." मग आम्ही परत फिरलो आणि त्या शेंगा मी कुकरमध्ये उकडल्या. ना त्यांना धुराचा वास, ना पाल्याचा. कुणी दोनचारच्या वर खाल्ल्या नाहीत, बाकीच्या गोठ्यात गेल्या.

त्या दिवसापासून मला सारखं बर्लिन आठवतंय. तू शिकायला होतीस तेव्हा मला त्या जुन्या विमानतळावर घेऊन गेली होतीस. एवढी मोठी मोकळी जागा शहराच्या पोटात, आणि कुणी काही बांधलेलं नाही, याचंच मला नवल वाटत होतं. लोकांनीच मतं देऊन बांधू दिलं नाही, असं तू अभिमानाने सांगितलंस. धावपट्टीवर पोरं सायकली फिरवत होती. एका बाजूला माणसं सहकुटुंब शेगड्या पेटवून बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी मांस परतत होती, सगळीकडे धूर. तिने मला हाताने खूण करून बोलावलं आणि पावात घालून एक तुकडा दिला. मी तुला म्हटलं, ही तर यांची पोपटी. तू हसलीस, पण तुझं लक्ष कुठे होतं? तू बाकांचे आणि कचरापेट्यांचे फोटो काढत होतीस. ती म्हातारी तुझ्या एकाही फोटोत नाही, मी सगळे पाहिलेत. इथल्या कचरापेट्या मात्र हुबेहूब तिथल्यासारख्या आहेत. परदेशात जाऊन माणसं सोडून पेट्या उचलून आणल्यास, म्हणजे कमाल झाली तुझी.

तुझ्या ऑफिसातला किरण मधे मोजमापाला आला होता. चहा पिताना मी त्याला विचारलं, बाबा रे, आमची पोपटीची जागा नेमकी का बुजवलीत? त्याला पोपटी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. ड्रोनच्या फोटोत माळावर एक काळं वर्तुळ दिसलं, ते यांनी 'कचरा जाळण्याची जागा' म्हणून नकाशावर लिहिलं आणि सगळ्यात आधी साफ केलं. आता तिथे आणून अंथरलेली हिरवळ आहे, भोवती कंबरेएवढा कठडा, आणि आत जायला कुठूनच वाट नाही. ती नुसती बघायची. किरणला मी दोष देत नाही, त्याने कधी पोपटी खाल्ली नसेल. पण तो नकाशा तुझ्या हाताखालून गेला ना गं? त्या काळ्या जागेवर तू उकिडवी बसून मडक्यावर पाणी शिंपडायचीस, चर्र झालं की शेंगा शिजल्या म्हणून ओरडत सुटायचीस. आणि तुझ्या नकाशावर तो कचरा झाला. बदाम, हरणं, खोटी लाकडं, सगळं मी सोडून दिलं असतं. हे नाही सोडता येत.

येत्या रविवारी बागेचं उद्घाटन आहे, तुझा सत्कार आहे, आणि तू मला पहिल्या रांगेत बसायला सांगितलंयस. मी रांगेत नसेन. आम्ही सगळ्या जणी मडकं, शेंगा आणि पाला घेऊन त्या हिरवळीवर जाणार आहोत आणि पूर्वीच्याच जागी जाळ करणार आहोत. कमलेशला तसं सांगून ठेवलंय. पाहुण्यांसमोर तुला हे अचानक दिसू नये, म्हणून आधी कळवतेय. बाकीच्या जणी कठडा चढून जातील. माझे गुडघे तुला माहीत आहेत, मला पलीकडून कुणीतरी हात द्यावा लागेल. कमलेशही देईल, अमिरुनही देईल. पण कठडा तू घातलायस, तर हात तुझाच हवा. तेवढं मागायलाच हे पत्र लिहिलं.

मडकं घेऊन कठड्याशी उभी राहणारी,
तुझीच,
आई