बुटात घातलेले हात

६ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माणूस डब्यात कोंडलेल्या माशीसारखा ऐकू येतो, असं म्हणून तू मागच्या वेळी फोन ठेवलास. म्हणून ही माशी आता कागदावर बसली आहे.

माझं सदर बरं चाललंय. नवी गाणी, नवे गेम, नवे चित्रपट, दर आठवड्याला माझी मतं. मत द्यायचे पैसे मिळतात यावर आईचा अजून विश्वास बसत नाही. या आठवड्यात त्या नव्या गायिकेबद्दल लिहिलं. आवाज इतका धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलाय की आत बाई होती की नाही कळत नाही. श्वाससुद्धा कापून टाकलेत. दुसरीकडे एक गेम मात्र वेड लावून गेला. मारामारी नाही, शर्यत नाही, बर्फातून चालत जायचं, बस. भुसभुशीत बर्फावर पावलं वेगळी वाजतात, गोठलेल्यावर वेगळी. तुझी आठवण झाली. मामा काय करतात असं कुणी विचारलं की मी अजून ऐटीत सांगतो, पडद्यावर जो चालतो ना, त्याची पावलं माझ्या मामाची असतात.

संपादकबाई मात्र खूश नाहीत. म्हणतात, तुझ्या लेखाला दात नाहीत, दुधाचेही नाहीत. कुणाला तरी चावून दाखव.

त्या न्यायाधीशाच्या चित्रपटातल्या पावलांच्या आवाजाचं काम तुझ्याकडेच आहे असं मामीकडून कळलं. गुडघा कसा आहे?

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
पोपट

१४ फेब्रुवारी

चि. पोपटास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. श्वास कापलेत, हे बरोबर ऐकलंस. मशीनवर बसणाऱ्याला श्वास म्हणजे केर वाटतो. तुझा बर्फ म्हणजे बहुतेक मक्याच्या पिठाची पिशवी असणार, हातात धरून दाबायची. भ्रमनिरास झाला असेल तर माफ कर.

आता गुडघ्याचं. एक नाही, दोन्ही गेले. डॉक्टर म्हणाले, उभं राहून काम बंद. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. न्यायाधीशाचा चित्रपट म्हणजे नुसतं चालणं रे. बायको गेल्यावर तो म्हातारा रिकाम्या घरात या खोलीतून त्या खोलीत हिंडतो. पावणेदोन तास. मला तर पाच मिनिटं उभं राहवेना. मग खोलीला आतून कडी लावली, स्टुलावर बसलो, बूट हातात घातले आणि लाकडी फळीवर न्यायाधीश चालवला. बाहेरच्या रेकॉर्डिस्टला पत्ता नाही. तिला फक्त ऐकू येतं.

हे मामीला सांगितलेलं नाही. तुझ्या आईला तर मुळीच नको, ती रडत येईल आणि आठ दिवस राहील. तुला सांगतोय ते एका कारणासाठी. लहानपणी जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते तू न बघता सांगायचास. घरात तुझ्याइतका कान कुणाला नाही. चित्रपट लागला की जा आणि नीट ऐक. मी पकडला जातोय का, ते मला कळव. हाताला माणसाचं वजन येतं की नाही, ही शंका मला झोपू देत नाही.

चावण्याबद्दल म्हणशील तर दात सगळ्यांनाच येतात. घाई करू नकोस.

तब्येतीला जप. इकडची काळजी थोडीच कर, पण कर.

तुझा,
मामा

२० मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कामाचा नुसता डोंगर आहे. माझा मागचा लेख बराच गाजला. लोक एकमेकांना पाठवतायत, संपादकबाईंनी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर नाव घेऊन कौतुक केलं. आता प्रत्येक अंकात अर्धं पान माझं.

चित्रपट पाहिला. छान आहे. तुझं कामही छान झालंय. सविस्तर पुन्हा लिहीन.

मामीला नमस्कार. गडबडीत लिहिलंय, गोड मानून घे.

तुझा,
पोपट

२ एप्रिल

चि. पोपट यास,
मामीचे आशीर्वाद.

मी पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलं असशीलच. तुझा मामा गेले बारा दिवस घरी आहे. सकाळी उठतो, दाढी करतो, कामाचे कपडे घालतो आणि खिडकीशी बसतो. पुढचे दोन चित्रपट त्याच्याकडून काढून घेतले.

कारण काय ते तो सांगेना. शेवटी काल मी स्टुडिओत गेले, त्याची पिशवी आणायचं निमित्त करून. चहाच्या मशीनपाशी भिंतीवर तुझा लेख चिकटवलेला होता. एका वाक्याखाली लाल रेघ. 'न्यायाधीशमहाराज चालू लागले की वाटतं, कुणीतरी हातात बूट घालून टेबलावर थापट्या मारतंय.' ती रेकॉर्डिस्ट मुलगी माझ्याशी बोलताना मान वर करेना. म्हणाली, आधी सगळे हसले. मग कुणीतरी गंमत म्हणून त्यांच्या खोलीच्या दाराला कान लावला, फटीतून पाहिलं, आणि ते खरंच तसे बसलेले दिसले. मग कुणी हसलं नाही, म्हणे. मालकांनी बोलावून घेतलं. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला विचारलं, तुम्ही आम्हाला फसवताय का.

घरी येऊन मी विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. गुडघ्यांचंही. मी आधी त्याच्यावर ओरडले. मग तो म्हणाला, पोपटाला काही बोलू नकोस, त्याच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं.

मला एवढंच विचारायचंय. तुला ते नुसतं ऐकू आलं होतं, की आधीपासून माहीत होतं?

उत्तर मला नको. त्याला लिही.

मामी

६ एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मला माहीत होतं. पहिल्या ओळीतच लिहून टाकतो, नाहीतर मी पुन्हा गोल गोल फिरेन.

आणि नुसतं माहीत होतं एवढंच नाही. मला ते ऐकू आलं नव्हतं, मामा. चित्रपटगृहात मी डोळे मिटून बसलो होतो. पावलं हलकी वाटली, एवढंच. दुःखाने माणूस हलका होत असेल असं मी स्वतःला समजावलं. तू सांगितलं नसतंस तर माझ्या डोक्यात हात आलेच नसते. तरी मी असं लिहिलं की जणू माझ्या कानाने पकडलं. वाक्य तुझं होतं, तुझ्याच पत्रातलं. मी फक्त त्याला टोक काढलं.

लेख आधी त्या वाक्याशिवाय लिहिला होता. दिग्दर्शन संथ, अभिनय चांगला, वगैरे. संपादकबाईंनी वाचून जांभई दिली. खरोखर दिली, तोंडावर हात न ठेवता. मी जागेवर जाऊन बसलो आणि ते वाक्य घातलं. त्या मोठ्याने हसल्या, बाजूच्या टेबलावरच्यांना बोलावून वाचून दाखवलं. त्या क्षणी मला वाटलं, मामाचं नाव कुठे आहे यात? कुणाला कळणार? वर असंही वाटलं की नात्याची पर्वा न करता लिहितो म्हणजे मी किती निःपक्षपाती. हे दुसरं वाटणं मला जास्त छळतंय.

आणि तू मला विचारलं होतंस. फक्त तुला कळवायचं होतं. तुला लिहिलं 'छान झालंय' आणि जे तुला लिहायचं ते हजारो लोकांना.

मी संपादकबाईंना सांगितलंय की पुढच्या अंकात खुलासा छापा, ते वाक्य एका खाजगी पत्रातून चोरलेलं होतं. त्या तयार नाहीत, पण मी हट्ट सोडणार नाही. स्टुडिओच्या मालकांनाही जाऊन भेटतो. तू म्हणशील ते करतो. काही म्हणाला नाहीस तर काय करू, ते मात्र कळत नाही.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

पोपट

२५ एप्रिल

चि. पोपटास,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. म्हणून उशीर.

खुलासा छापू नकोस. चारचौघांत माफी मागायला जाशील आणि पुन्हा माझेच गुडघे चव्हाट्यावर आणशील. मालकांकडेही जाऊ नकोस. त्यांचं चुकलं नाही. पावलांचे पैसे घेतले आणि हात दिले, ते मीच.

वाक्य चांगलं होतं. लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसलोसुद्धा. कशाला हसलो ते नंतर कळलं. त्याआधी क्षणभर मला वाटलं होतं, पोराने बरोबर पकडलं, काय कान आहे! आता तू लिहितोस की ऐकू आलंच नव्हतं. खरं सांगू? काम गेल्याचं वाईट वाटलंच, पण हे वाचून जास्त वाटलं.

असो. त्या रेकॉर्डिस्ट मुलीने माझं नाव एका ठिकाणी सुचवलं. दोघी बहिणी मिळून गेम बनवतात. गेममध्ये एक मुलगी आईच्या माघारी तिचं घर आवरते. कपाटं, खण, कड्या, भांडी, कपड्यांच्या घड्या. चालणं जवळजवळ नाही. सगळं बसून, हातांनी, उघड्या दाराने. मी आयुष्यात गेम खेळलो नाही. मामी खेळून दाखवते आणि मला हसते.

नमुन्याचे सात आवाज केलेत. पेनड्राइव्ह सोबत पाठवतोय. त्या बहिणींना द्यायच्या आधी ऐक आणि कसे वाटतात ते कळव.

मामा

३ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

ऐकले. अप्रतिम! सातच्या सात. असं काम या वर्षात कुठल्या गेममध्ये, कुठल्या चित्रपटात ऐकलं नाही. खण उघडतो तिथे अंगावर काटा आला. कडी, कपबशी, चादर, कशाला नाव ठेवायला जागा नाही. त्या बहिणी खूश होतील. एकही बदलू नकोस.

मामीला सांग, गेममध्ये ती मला नक्की हरवेल.

तुझा,
पोपट

१० मे

चि. पोपटास,

तुझं पत्र मिळालं. त्यात अप्रतिम हा शब्द आहे. तू लहानपणापासून हा शब्द घरात कुणासाठी वापरला नाहीस, तुझ्या आईच्या हातच्या जेवणासाठीही नाही.

कडी मुद्दाम वाईट केली नव्हती. मनापासून केली आणि वाईट झाली. मला शंका होती म्हणून तर पाठवली. तू ती ऐकलीस आणि गिळून टाकलीस.

मला लागलं म्हणून तू घाबरलायस, हे कळतं. पण बघ काय झालंय. आधी खरं बोललास ते चारचौघांत, आणि आता माझ्या कानात बोलतोस ते खोटं. दोन्ही वेळा मी एकटाच पडलो. मला दया नको आहे रे. दया करायला मामी आहे, ती पुरून उरते.

पुन्हा ऐक. नसेल जमत तर पेनड्राइव्ह परत पाठव, मी राग धरणार नाही.

मामा

१८ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पंखा बंद केला, खिडकी लावली आणि चार दिवस रोज ऐकलं. आता लिहितो. अक्षर लागलं नाही तर मामीकडून वाचून घे.

कडी खोटी आहे. लोखंड बरोबर वाजतं, पण ती कडी घरच्या माणसाने उघडलेली नाही. घरचा माणूस कडी अडते कुठे ते जाणतो, तिथे आधीच थोडं उचलतो. ही कडी अनोळखी माणसाने उघडली आहे. कपबशीही नाही. बशीवर कप ठेवताना तू घाई केलीस, नाजूक वाजावा म्हणून जपलास. ती मुलगी आईचा कप ठेवतेय, ती जपणार नाही, विसरून ठेवेल. मग दचकेल. ते दचकणं राहिलंय. डबा ठीक, पण कुठलाही डबा. चाव्यांचा जुडगा कंटाळवाणा, हे वाईट शब्दात लिहिलं, कारण चांगला सापडला नाही.

खण खरा आहे. अर्ध्यावर अडकतो आणि मग येतो, तिथे मी खरंच मान वळवून पाहिलं. बाटलीचं झाकण खरं. आणि चादरीची घडी. ती ऐकून मी उठून बाहेर गेलो. दोन टोकं धरायला समोर दुसरं माणूस नाही, हे नुसत्या कापडाच्या आवाजातून कसं कळतं, मला सांगता येणार नाही. गुडघ्यांनी धडधाकट असतास तरी यापेक्षा चांगलं करू शकला नसतास.

म्हणजे सातांत तीन चांगले. चार पुन्हा करावे लागतील.

हे कुठे छापणार नाही. तुझ्या कुठल्याही कामाबद्दल यापुढे कुठे लिहिणार नाही, चांगलंही नाही. सदर सोडलेलं नाही, सोडावं असं खूप वाटलं, पण मग आयुष्यभर तुझ्याच नावाने सोडल्याचं सांगत फिरलो असतो. फक्त आता जे मला ऐकू येतं तेवढंच लिहितो. लेख पुन्हा बोथट झालेत. अर्ध्या पानाचं पाव पान झालं.

तू माफ केलंस का, हे विचारणार नाही. तेवढी समज आली आहे.

पोपट

२९ मे

चि. पोपटास,
अनेक आशीर्वाद.

चारही पुन्हा केले. कडीचं तू म्हणतोस ते बरोबर होतं. कपबशीचं पूर्ण पटलं नाही, पण तुझ्या म्हणण्याप्रमाणे करून पाहिलं आणि त्या बहिणींनी तीच ठेवली. चाव्यांबद्दल तुझ्याशी भांडण आहे, ते समोरासमोर होईल.

मामी विचारते आहे, कधी येतोस. हे तिचं विचारणं आहे. मी अजून विचारलेलं नाही. पण तिला थांबवलंही नाही.

तुझा,
मामा