माझ्यामागे गिटारचे काय करावे

नमो बुद्धाय. जय भीम.

मी, अश्वजित देवाजी उंदिरवाडे, वय अठ्ठावन्न, धंदा शेती व हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवणे, राहणार मौजा येनटोला, तालुका देसाईगंज (वडसा), जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. स्वखुशीने हा शब्द कायद्याला लागतो असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून लिहिला. माझे डोके ठिकाणावर आहे. जबडा ठिकाणावर नाही. तो तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने खाल्ला, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी आता औषध बदलून बघणेही सोडून दिले आहे. बोलता येत नाही म्हणून सारे कागदावर मांडतो. मजकूर आटोपशीर ठेवा असे मला बजावले गेले आहे. पण आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या संवादांमागे वाजवत आलो. आता माझी चार वाक्ये लांबली तर कोणी घड्याळ बघू नये.

१. येनटोल्यातील राहते घर, मागच्या वाडीसह, माझी पत्नी कांता हिचे. तिला घरातून कोणीही, प्रेमानेसुद्धा, हलवू नये. गडचांदूरला लेकीकडे जायचे की नाही हे ती ठरवील. तिथली धूळ तिला सोसत नाही आणि जावयाच्या घरी मोठ्याने बोलता येत नाही, ही तिची दोन कारणे मला ठाऊक आहेत.

२. नाल्याकाठची धानाची बांधी कांताची, तिच्यामागे मुलीची. पोस्टात जे आहे तेही कांताचे. ते किती आहे हे लिहून हसे करून घेत नाही.

३. माझा अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकरची पेटी विहार समितीला द्यावी. भीमजयंतीला वापरावी. आवाज किती ठेवायचा हे ज्याला कानाने कळते अशा माणसाच्या हाती द्यावी. असा माणूस समितीत नाही, हे मला माहीत आहे; तरी द्यावी.

४. नाटक कंपनीने शिवून दिलेला चमचमता जांभळा कोट बांधीत बुजगावण्याला घालावा. तो घालून मी वादकांच्या बाकावर बसत असे तेव्हा माझ्याकडे कोणी बघत नसे. पाखरे तरी बघतील.

५. आता रियाजाबद्दल. या कलमात द्यायची वस्तू काही नाही. वकीलसाहेबांनी ते खोडायला सांगितले होते, मी खोडले नाही.

आमच्याकडे नाटकाचा हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपासून उन्हाळा लागेपर्यंत. पुढे कलाकार, वादक, सगळे शेतकरी. गिटारच्या तारा दाबून दाबून डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडतात, आणि ते आहेत तोवरच वाजवणे सोसते. पावसाळ्यात धानाची रोवणी लागली की दिवसभर हात चिखलात. घट्टे भिजतात, साल सुटते, आणि पाऊस सरता सरता बोटे पहिल्या दिवसासारखी कच्ची होतात. शहरातला शिकणारा एकदा दुखणे सोसतो आणि सुटतो. आम्ही दर वर्षी नव्याने सोसतो, आणि दर वर्षी मनाला नव्याने समजवावे लागते. दिवाळी दूर, ऐकायला म्हैस, अशा दिवसांत कशासाठी वाजवायचे?

मी केलेले उपाय असे. गिटार कधी खोळीत ठेवली नाही. सदरा टांगायच्या खुंटीलाच टांगली, म्हणजे तिला हात लावल्याशिवाय सदरा टांगता येत नसे. आज वाईट वाजले तर उद्याचा विचार केला नाही. आणि सर्वांत खात्रीचा उपाय कांता. सकाळचा चहा तिच्या हाती होता.

"पह्यले वाजवा, मंग च्या," असे ती म्हणायची. मी कितीही गयावया केली तरी, "बोटं दुखते तं दुखू द्या, चुलीवरचं पातेलं मी उतरवून नाई राह्यली," म्हणून पाठ फिरवायची. तिला संगीतातले काही कळत नाही, आणि माझे वाजवणे आवडतही नव्हते. तरी इतकी वर्षे मी वाजवत राहिलो ते तिच्या हट्टामुळे, हे मी इथे जाहीर करतो.

गेल्या हिवाळ्यापासून मी न वाजवताच ती चहा देते. पहिल्यांदा कप समोर आला तेव्हाच मला कळले, की माझे काही खरे नाही.

आजार कळल्यावर वाटले होते, आता शेती नाही, हंगाम नाही, वेळच वेळ आहे, भरपूर वाजवू. एकदाही वाजवले नाही. गिटार समोर असते, बोटे शाबूत आहेत, मन उठत नाही. या रोगावर उपाय मला सापडला नाही. कोणाला सापडला तर त्याने तो मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या भिंतीला लावावा.

६. श्री. डोमा लहानू सहारे, आमच्या कंपनीचे ऑर्गन मास्तर, यांना माझ्या मिळकतीतून काही देऊ नये. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून खबरदारी घेऊन त्यांनाच पहिला साक्षीदार केले आहे.

कारण लिहितो. माझी एकुलती मुलगी पिंकी, कागदोपत्री दीपिका, माझ्यापेक्षा चांगली वाजवत होती. हे बाप म्हणून नव्हे, वादक म्हणून लिहितो. मी जे घासून घासून काढायचो ते तिच्या बोटांतून हसत यायचे. कंपनीने तिला एका साली तालमीला बोलावले. झाडीपट्टीच्या वादकांत गिटार घेऊन बसलेली मुलगी मी तरी तोवर पाहिली नव्हती. पण त्या साली पाऊस उशिरा आला आणि रोवणी लांबली. आमच्या गावात रोवणीला दुसऱ्या घरची बाई आपल्या बांधीत येते, आपली बाई त्यांच्या बांधीत जाते. घरटी एक बाई द्यावीच लागते. कांता तापाने पडली होती. पिंकी स्वतः उठून गेली, घराची लाज राखायला, आणि गावाची रोवणी संपेपर्यंत चिखलातच राहिली.

वडशाला तालमीत तिने तार दाबली आणि बोटांतून रक्त आले. सूर फाटला. डोमा मास्तरांनी ऑर्गनचा भाता थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे बोटं रोवण्याचेच आहेत. पोरीले बांधीतच राहू द्या, अश्वजितभाऊ."

सगळे हसले. पिंकीही हसली. घरी येऊन तिने गिटार खुंटीला टांगली आणि मग लग्न होऊन गडचांदूरला जाईपर्यंत तिला हात लावला नाही. मी हातापाया पडलो, रागावलो, कांताने तिचाही चहा अडवला. तिने चहा सोडला.

या मृत्युपत्राचा कच्चा मजकूर परवा ओसरीवर वाचला गेला. डोमा मास्तर समोर होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. इतक्या वर्षांनी त्यांना काय वाटते ते बघायचे होते. ते गोंधळून म्हणाले, "मी असं बोल्लो? मले तं आठवूनच नाई राह्यलं, भाऊ." मग जरा वेळाने, "पिंकी वाजवत होती का?"

कांता आतून म्हणाली, "मास्तर, च्या घ्या."

त्यांच्यावर रागवायलाही आता काही उरले नाही. ऑर्गनची जागा आधी कीबोर्डने घेतली आणि आता कंपन्या तयार संगीत पेनड्राइव्हवर आणतात. मास्तर घरी बसले आहेत. तरी हे कलम रद्द करत नाही.

७. गिटार. ही माझ्या वडिलांनी, देवाजींनी, आणली. ते लाकडाच्या डेपोवर ओंडके रचायचे. दीक्षाभूमीला गेले असता नागपूरच्या बाजारातून घेतली आणि परतीच्या गर्दीत मोडू नये म्हणून डोक्यावर धरून गावापर्यंत आणली. ती मी मुलगी पिंकी, म्हणजे सौ. दीपिका लोकेश रामटेके, हिला देत आहे.

आधीच्या मसुद्यात इथे एक अट होती: तिने रोज वाजवावी, नाहीतर गिटार दुसऱ्याला जावी. वकीलसाहेबांनी विचारले, हे तपासणार कोण? अट मी काढली, पण त्यांच्या प्रश्नामुळे नाही.

पिंकी आषाढात भेटायला आली होती. मी गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिने थोडे वाजवले, थांबली, बोटांची टोके बघितली. म्हणाली, "दुखते, बाबा. आता मन नाई लागत. कोनासाठी वाजवू?"

मी कागदावर लिहिले, माझ्यासाठी.

ती रडायला लागली. माझा हात धरून म्हणाली, "तुमच्यासाठी वाजवीन. तुमच्यामागं रोज वाजवीन, बाबा. बुद्धाची शपथ."

वडील गेले तेव्हा मीही हेच ठरवले होते. काही दिवस वाजवले, रडत वाजवले. मग एका सकाळी उठलो आणि वाजवले नाही. काहीच कारण नव्हते. वडील खरे गेले ते त्या सकाळी. पुढे पुन्हा वाजवले ते त्यांच्यासाठी नव्हे. दिवाळी तोंडावर आली होती आणि घरात तांदूळ नव्हता म्हणून. मेलेल्या माणसासाठी रोज वाजवून होत नाही. ज्या दिवशी चुकते त्या दिवशी आपणच त्याला मारले असे वाटते, आणि ते वाटणे जात नाही.

पिंकीला ती सकाळ येऊ नये. म्हणून गिटार तिची, आणि तिने घेतलेली शपथ मी या कलमाने रद्द करत आहे. तिने गिटार विकावी, कोणाला द्यावी, माळ्यावर टाकावी. माझ्यासाठी वाजवू नये.

स्थळ: वडसा (देसाईगंज)
दिनांक: २१ ऑगस्ट २०२५

लिहून ठेवणार
(सही) अश्वजित देवाजी उंदिरवाडे

वरील मजकूर अश्वजितभाऊंनी आमच्यादेखत स्वतः वाचला, मान हलवून कबूल केला व सही केली. त्यांच्यासमोर आम्हीही सह्या केल्या.

साक्षीदार
१. (सही) डोमा लहानू सहारे, रा. वडसा
२. (सही) ललिता जंगू पोटावी, आशा सेविका, रा. येनटोला