हंबीररावांची मूळ संख्या

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ ऑगस्ट १९७८

चि. वसंतास दत्तूमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. मामीचे गुडघे पावसाने धरलेत. तुझा खोकला गेला का? (पुण्याच्या हवेला मी कधीच चांगलं म्हटलेलं नाही.) हंबीररावांचं पोट डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर गणित शिकवताना ज्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, तो पैलवानी गडी आता उशीवरून मान उचलताना दमतो. फार वाईट वाटतं रे.

त्यांची ती संख्या तुला आठवत असेल, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. सात एके ओळीने उभे. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही, ही मूळ संख्या आहे, हा हंबीररावांचा शोध. त्यासाठी एका मे महिन्यात आम्ही हजाराच्या थोडं पुढपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या वाटून घेतल्या, एक मला, एक त्यांना. ज्याने त्याने आपल्या वाटणीच्या संख्यांनी भागायचं, दुसऱ्याचं तपासायचं नाही (भावकीत नसतो तेवढा विश्वास इथे तरी हवा, असं त्यांचं म्हणणं). कशानेच भाग गेला नाही, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि दारावर पेंटरकडून संख्या रंगवून घेतली. मटकेवाले तो आकडा लावून बुडाले. पोस्टमन अजून तो घरनंबर समजतो.

आता तू लिहितोस की कॅल्क्युलेटर घेतलाय, रविवारी येऊन काकांची संख्या त्यावर घालून दाखवतो. मी धसका घेऊन सगळे भागाकार पुन्हा करायला बसलो. दोनशे एकोणचाळीसला बाकी उरेना. पुन्हा केलं, तरी उरेना. आणि ती निघाली हंबीररावांच्या वाटणीची. केळी घेऊन सांगायला गेलो, तर ते बायकोला, बाळाबाईंना, म्हणत होते, "पोरं शिकली, पांगली. माझी म्हणून ही एक संख्या तेवढी ऱ्हाईल बघ." मी केळी ठेवली, पावसाबद्दल बोललो आणि परत आलो.

सूनबाईंना आशीर्वाद. बाळासाठी केलेले लाडू मी खाल्ले, हे मामीला कळवू नकोस.

तुझा,
दत्तूमामा

ता. क. येताना त्या यंत्रातले सेल काढून ये. घालायचे विसरलो म्हण.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बोलावणं आलं म्हणून जाऊन आलो. दुखणं विसरायला हंबीरराव पडल्या पडल्या मनात भागाकार करतात. आज ते दोनशे एकोणचाळीसपाशी थांबले. "मास्तर, भाग जातोय की! ही कुणाच्या वाटणीला आलती?" एक सोडून एक मोजून काढायला त्यांच्यात दम नव्हता. मी म्हणालो, माझ्या. त्यावर जे बोलले ते मामी पत्र वाचते म्हणून लिहीत नाही. संख्या गेली, पण चूक आपली नव्हती, एवढ्या आधारावर ते उठून बसले आणि अर्धी भाकरी खाल्ली. घरी येऊन मी रडलो. तेव्हा सेल घालूनच ये. त्यांच्यासमोर भागून दाखव आणि मला विचार, मामा, एवढी साधी चूक तुम्ही कशी केलीत? जरा मोठ्याने विचार. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.