काही न करण्याचं वेळापत्रक

३ मार्च
मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टरांनी पुढे ढकललं. बीपी जास्त. म्हणाले, पंधरा दिवस काहीही करू नका. मी सुनावलं, आळस हा रोग आहे, तो औषध म्हणून कसला देता? पण पेपर ह्यांच्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि हे मधल्या ओळी खुशाल गाळतात. ऑपरेशन हवंच. तेव्हा ठरलं: आळस करायचा, पण असा की कोणी बोट ठेवू नये.

४ मार्च, पहाटे ५
लवकर उठले. आळसाला पूर्ण दिवस मिळाला पाहिजे. वेळापत्रक आखून भिंतीवर लावलं. हे हसले. हसोत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी शिफ्ट माझ्या धाकात होती. तिथे माझ्याच हातापायांची काय बिशाद?

६ मार्च
सकाळी स्वस्थ बसले. छताला जळमट दिसलं. माझ्या डोळ्यांना दिसतं, म्हणजे केवढं असेल! काढलं. हे काम नव्हे. विश्रांतीतला अडथळा दूर केला. मग पंखा. मग माळा. स्टूल ह्यांनी धरलं, कुरकुरत.

९ मार्च
हे रिटायर झाल्यापासून गॅलरीत पोत्यासारखे बसतात. ना शिस्त, ना हेतू. म्हटलं, निदान पाठ ताठ ठेवा. म्हणाले, ताठ बसून आळस करायला मी काय पुतळा आहे? चपला घातल्या आणि बागेत निघून गेले.

११ मार्च
धाकट्या जाऊला आणि शेजारणीला बोलावलं. सामुदायिक विश्रांती. हजेरी घेतली. जाऊ लगेच घोरायला लागली. हलवून उठवलं. झोपेत कसला आलाय आराम? कळत तरी नाही! जाताना म्हणाली, ताई, तुमच्याकडे आराम करून मी पार दमले.
नवशिक्यांचं असंच होतं.

१४ मार्च
कोणी फिरकलं नाही. शेजारणीकडे म्हणे पाहुणे आलेत. जाऊन पाहिलं. चिटपाखरू नाही. परत येऊन सगळ्यांच्या वाटचा आराम एकटीनं उरकला.

१८ मार्च
बीपी वाढलंय. म्हटलं, मशीन बिघडलंय. खात्रीसाठी डॉक्टरांनी तेच ह्यांना लावलं. तरण्याला लाजवेल असं बीपी! ऑपरेशन आणखी पंधरा दिवस पुढे. आणि आता माझी विश्रांती ह्यांच्या देखरेखीखाली. ह्यांच्या!
घरी आल्यावर ह्यांनी गॅलरीत दुसरी खुर्ची मांडली. म्हणाले, बस.
बसले. विचारलं, आता काय करायचं?
म्हणाले, काही नाही.
विचारलं, किती वाजल्यापासून?