सदतीस नंबरच्या केंद्रावरचं एक मत

३ ऑगस्ट

चि. मास्तरांस, म्हणजे माझ्या धाकट्या भावास,
अ. उ. आ.

तुझ्या पुस्तकाची कच्ची प्रत पोचली. ‘आपला मतदारसंघ : पहिल्या निवडणुकीपासून आजपर्यंत’. चष्मा लावून एका बैठकीत वाचायला घेतली. पहिल्या निवडणुकीत सायकलवरून फिरून निवडून आलेला तो वकील, त्याला पाडणारे तुमच्या शाळेचे अध्यक्ष, त्यांच्या चार टर्म, मग त्यांचा मुलगा, मग पक्ष बदलून परत तोच मुलगा, आता सून. सगळ्यांचे फोटो, सगळ्या वर्षांचे केंद्रनिहाय तक्ते. आकडे नेहमीसारखे चोख आहेत, मास्तर.

मग एकाहत्तरावं पान उलटलं आणि डोकं फिरलं. वीस वर्षांपूर्वीची ती निवडणूक. विजयी कोण, पराभूत कोण, आणि तिसऱ्या ओळीत ‘इतर’. नेमका त्याच वर्षाचा तक्ता गाळलेला. अरे, त्या ‘इतर’मध्ये तुझी सख्खी बहीण आहे! छत्तीस वर्षं नर्स म्हणून इथल्या निम्म्या पोरांना टोचलं. दवाखान्यात चार वर्षं डॉक्टर नाही, कोणी दाद देत नाही, म्हणून निवृत्त झाल्याबरोबर उभी राहिले. शिडी निशाणी घेऊन गावोगाव पायी हिंडले. सहाशे अकरा मतं पडली. हरले, त्याचं काही नाही. पण हरल्याची नोंदसुद्धा घरच्या माणसाने ठेवू नये? अध्यक्षांच्या मिरवणुकीतल्या जीपचा नंबर छापायला तुझ्याकडे जागा आहे!

माझं नाव घाल आणि तक्ताही घाल. वहिनीचे गुडघे कसे आहेत ते कळव.

रागावलेली असले तरी तुझीच,
ताई


११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान तापले. टोचायची सवय तुझी अजून गेलेली नाही. अगं, नियम माझा नाही, समितीचा आहे. दहा टक्क्यांच्या खाली ज्यांना मतं पडली ते सगळे ‘इतर’. त्यातून पुस्तकाचं प्रकाशन आमदारबाईंच्या हस्ते व्हायचं आहे, तेव्हा उगाच कशाला जुन्या गोष्टी उकरायच्या?

तक्ता मात्र मी गाळला, आणि तो तुझ्याच भल्यासाठी. एका केंद्रावर तर तुला फक्त तुझं स्वतःचं मत पडलं आहे. ते छापलं तर लोक हसतील आणि मला ते बघवणार नाही. झालं गेलं सोडून दे. हिचे गुडघे ठीक आहेत. ही आतून नमस्कार सांगते आहे.

लोभ आहेच, तो या कारणाने आटू देऊ नये.

तुझा,
भाऊ


२६ ऑगस्ट

चि. भावास,
आशीर्वाद आहेतच, पण आज हात आखडता आहे.

अरे शहाण्या, तेव्हा माझं नाव दवाखान्याच्या क्वार्टरच्या गावातल्या यादीत होतं. माझं मत मी तिथे दिलं आणि तिथे मला दोनशे चौदा मतं पडली. मग ‘फक्त माझं’ मत पडलेलं केंद्र कुठलं? निवडणूक कचेरीत अर्ज दिला. साहेब तीनदा उद्या या म्हणाले. चौथ्यांदा मी बाकावरून उठलेच नाही, तेव्हा कुठे तक्ता हातात पडला. केंद्र क्रमांक सदतीस. आपल्या घरासमोरची शाळा, तुझीच शाळा. मला मतं, एक.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तू मला लिहिलं होतंस, की घरची सातही मतं तुलाच दिली. आई, तू, वहिनी, दोन मुलं, दोन सुना. हरल्याचं दुःख मला त्या पत्रामुळे झालं नाही रे. वीस वर्षं मी त्या सात मतांवर ताठ मानेने हिंडले. शाळा अध्यक्षांची, तुझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, हे मला कळत नाही का? खरं सांगितलं असतंस तर चार दिवस रडले असते आणि गप्प बसले असते. पण तू खोटं बोललास, आणि ते झाकायला आता मला पुस्तकातून पुसतोस! नुसता संताप होतो आहे माझा.

एकच विचारते. ते एक मत कोणाचं? आईचं असावं असं वाटतं, पण ती गेली, तिला विचारता येत नाही. तुझं असेल तर मी सगळं माफ करीन.

खरं लिहिशील एवढीच अपेक्षा ठेवून,
ताई


५ सप्टेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

माझं अक्षर बघून दचकला असाल. तुमचे भाऊ आठ दिवस कागद समोर घेऊन बसत होते, ‘ती. ताईस’च्या पुढे पेन सरकत नव्हतं. म्हणून मीच लिहिते.

ते मत माझं. मतदानाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष आपल्याकडे चहाला आले होते. ते गेल्यावर यांनी सगळ्यांना ओळीने बसवलं आणि कुठलं बटण दाबायचं ते वर्गात सांगतात तसं सांगितलं. आईंकडून दोनदा वदवून घेतलं. मीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले, मागे वळून बघितलं, कोणी नव्हतं. शिडी दाबली. घरी येताना बरं वाटत होतं.

कोणाला बोलले नाही, कारण कोणी विचारलं नाही. तक्ता आल्यावर यांनी ते मत तुमचंच धरलं. घरातलं कोणी आपलं ऐकणार नाही हे यांच्या मनातही आलं नाही. परवा मी सांगितलं तेव्हा घरात कोणी परकी बाई शिरल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. मग मी पुस्तकाची प्रत उचलून माझ्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि सांगितलं की वन्संचं नाव आणि तक्ता घातल्याशिवाय ती छापखान्यात जाणार नाही. आज सकाळी समितीला तसं सांगायला गेले आहेत. जाताना पायांत चपला उलट्या घातल्या होत्या.

पण वन्सं, राग मला तुमचाही आला आहे. प्रचारात तुम्ही घरोघरी चुलीपर्यंत जाऊन बायकांशी बोललात. आपल्या घरी मात्र बाहेरच्या खोलीत बसलात, घरची सात मतं मला हवीत असं यांना सांगितलंत आणि निघालात. मी चार पावलांवर चहा गाळत होते. आतासुद्धा विचारलंत ते यांनाच, आणि ते एक मत आईंचं असेल नाहीतर यांचं, एवढंच तुम्हाला सुचलं.

माझं मत माझ्याकडे कोणीच मागितलं नव्हतं. तरी मी ते तुम्हाला दिलं.

रागावलात तरी उत्तर लिहा, पण या वेळी माझ्या नावावर.

तुमची,
भावजय